टेबल आणि कॉलमच्या नावांतली कॅपिटल-स्मॉल अक्षरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवनागरीत मोठं आणि लहान अक्षर असा भेदच नाही. त्यामुळे या पानावर एक सोय करून घेतली आहे. ऑर्डर्स नावाचं टेबल सगळ्या स्मॉल अक्षरांत लिहिलं असेल तर त्याला ‘स्मॉल ऑर्डर्स’ म्हटलं आहे, सगळी अक्षरं कॅपिटल असतील तर ‘कॅपिटल ऑर्डर्स’, आणि फक्त पहिलं किंवा मधलं एखादं अक्षर कॅपिटल असेल तर ‘मिश्र ऑर्डर्स’. खालचे सगळे घोळ या तीन रूपांभोवतीच फिरतात. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसशी बोलण्याची भाषा, क्वेरी म्हणजे त्या भाषेतली विचारणा, आणि ‘केस’ म्हणजे अक्षराचं कॅपिटल किंवा स्मॉल असणं; हा भेद बघणारं ते केस सेन्सिटिव्ह.

एसक्यूएल केस सेन्सिटिव्ह आहे की नाही? एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, कारण हा एक प्रश्न नसून चार वेगळे प्रश्न आहेत. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर हे भाषेचे शब्द कसेही लिहा, चालतात. टेबलचं नाव कसं जुळवलं जाईल हे तुम्ही कोणता डेटाबेस वापरता त्यावर ठरतं. कॉलमच्या नावाचा नियम त्याच डेटाबेसमध्ये टेबलपेक्षा वेगळा असू शकतो. आणि कॉलमच्या आतली माहिती कशी जुळते हे कोलेशनवर, म्हणजे अक्षरं एकमेकांशी ताडून पाहण्याच्या नियमावर ठरतं.

‘माझी क्वेरी का चालत नाही’ असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो: अडलंय ते या चारपैकी नेमकं कुठे? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

एसक्यूएलचं प्रमाण याबद्दल काय सांगतं?

प्रमाणाचा, म्हणजे या भाषेच्या अधिकृत स्टँडर्डचा, नियम स्पष्ट आहे. कोटशिवाय लिहिलेलं नाव आधी कॅपिटल करून घ्यायचं आणि मग शोधायचं. डबल कोटमध्ये लिहिलेलं नाव मात्र अक्षरन् अक्षर जसंच्या तसं धरायचं. एसक्यूएल-९२ या त्याच्या आवृत्तीत ही विभागणी नीट मांडलेली आहे. त्यानुसार स्मॉल, मिश्र आणि कॅपिटल ऑर्डर्स ही तिन्ही कोटशिवाय लिहिली तर एकच टेबल, आणि कोटमध्ये लिहिली तर तीन वेगळी टेबलं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कोटशिवायचं नाव ‘केस न बघता’ जुळवलं जात नाही. ते आधी एका रूपात बदललं जातं आणि मग अगदी काटेकोरपणे जुळवलं जातं. हा फरक समजला की पुढचे दोन प्रश्न आपोआप सुटतात.

पोस्टग्रेसमध्ये टेबल डोळ्यांसमोर दिसतंय, तरी ‘रिलेशन डझ नॉट एग्झिस्ट’ का येतं?

पोस्टग्रेस प्रमाणाच्या उलट जातं. कोटशिवायचं नाव ते कॅपिटल न करता स्मॉल करतं. टेबल बनवताना कुणी, बहुतेक वेळा एखाद्या टूलनं, डबल कोटमध्ये मिश्र ऑर्डर्स असं नाव दिलेलं असतं. ते तसंच साठवलं जातं. मग तुम्ही कोटशिवाय मिश्र ऑर्डर्स लिहिता. पोस्टग्रेस त्याचं स्मॉल ऑर्डर्स करतं, त्या नावाचं टेबल शोधतं, आणि ते खरोखरच अस्तित्वात नसतं. तुम्ही टाइप केलेलं नाव आणि यादीतलं नाव तंतोतंत सारखं असूनही एरर येतो, म्हणून माणूस चक्रावतो.

एररचा मजकूर नीट वाचा, खूण त्यातच असते. तुम्ही मिश्र नाव लिहिलं आणि एररमध्ये ते स्मॉल अक्षरांत दिसलं, तर वाटेत नाव बदललं गेलंय हे नक्की. कॉलमच्या बाबतीत पोस्टग्रेस पुष्कळदा ‘तुम्हाला हा कॉलम म्हणायचा होता का’ अशी सूचनाही देतं आणि त्यात खरं नाव कोटसकट दाखवतं.

तात्पुरता उपाय म्हणजे नाव डबल कोटमध्ये, साठवलंय तसंच लिहायचं. पण एकदा कोट लावून नाव दिलं की पुढच्या प्रत्येक क्वेरीत, प्रत्येक रिपोर्टमध्ये, तो डेटाबेस वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला कोट लावणं भाग पडतं. टेबल बनवणाऱ्यानं एकदा केलेली हौस बाकीच्यांना कायमची फेडावी लागते.

कोट लावूनही नेक्स्टव्हॅल चालत नाही, ते का?

कारण तिथे कोटचे दोन थर लागतात. नेक्स्टव्हॅल हे पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्सकडून, म्हणजे ओळीनं क्रमांक देणाऱ्या यंत्रणेकडून, पुढचा क्रमांक घेणारं फंक्शन. त्याला सीक्वेन्सचं नाव एकेरी कोटमध्ये, मजकूर म्हणून दिलं जातं. पण तो मजकूर आत गेल्यावर पुन्हा नाव म्हणून वाचला जातो आणि स्मॉल केला जातो. म्हणून बाहेर एकेरी कोट आणि आत डबल कोट, असं लिहावं लागतं. रेगक्लासमध्ये, म्हणजे टेबल किंवा सीक्वेन्सचा आतला क्रमांक धरणाऱ्या प्रकारात, बदलल्या जाणाऱ्या प्रत्येक नावाला हाच नियम लागू होतो. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन टूलमध्ये बॅकस्लॅश डी देऊन टेबलची रचना बघतानाही नाव स्मॉल केलं जातं, त्यामुळे तिथेही डबल कोट लागतात.

ऑरॅकलमध्ये टेबल आहे, पण डिक्शनरीत शोधलं तर शून्य ओळी येतात. कसं काय?

ऑरॅकल प्रमाणाप्रमाणे चालतं. कोटशिवायची नावं कॅपिटल करून साठवतं. «सिलेक्ट स्टार फ्रॉम ऑर्डर्स» कसंही लिहा, चालतं. पण डिक्शनरीत, म्हणजे डेटाबेसनं ठेवलेल्या टेबलांच्या नोंदवहीत, युजर_टेबल्समध्ये जाऊन टेबल_नेम बरोबर स्मॉल ऑर्डर्स अशी अट घातलीत, तर आता तुम्ही नाव देत नसून एका कॉलमातली माहिती ताडून पाहत आहात. माहितीला कुणी कॅपिटल करत नाही. तिथे कॅपिटल ऑर्डर्स असंच लिहावं लागतं. मघाच्या चार प्रश्नांतले दोन इथे एकाच ओळीत येतात, म्हणून हा घोळ इतका सर्रास होतो.

ओआरए-००९४२ म्हणजे टेबल किंवा व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) सापडत नाही आणि ओआरए-००९०४ म्हणजे कॉलमचं नाव ओळखू येत नाही. या दोन्हींमागे परवानगीची कमतरता किंवा साधी टायपिंगची चूकही असू शकते. पण टेबल दुसऱ्या कुणी टूलनं बनवलेलं असेल, तर आधी कोटची शंका घ्या. आतल्या क्वेरीत एखाद्या बेरजेला डबल कोटमध्ये मिश्र अक्षरांत टोपणनाव दिलं असेल, तर बाहेरच्या क्वेरीतही ते कोटमध्येच लिहावं लागतं, हे पुष्कळदा निसटतं.

डीबी२, फायरबर्ड आणि स्नोफ्लेक हेही कॅपिटल करणाऱ्यांच्याच गटातले. म्हणूनच ऑरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाताना जपावं लागतं. काही टूल्स ऑरॅकलमधली कॅपिटल नावं कोट लावून जशीच्या तशी पोस्टग्रेसमध्ये उतरवतात. मग पोस्टग्रेसमध्ये कॅपिटल ऑर्डर्स, आणि तुमचा सगळा कोटशिवायचा जुना कोड स्मॉल ऑर्डर्स शोधत बसतो. स्थलांतराच्या टूलमध्ये नावं स्मॉल करण्याचा पर्याय असेल तर तो पहिल्या दिवशीच वापरा.

मायएसक्यूएल: लॅपटॉपवर सगळं चालतं, सर्व्हरवर टाकलं की टेबल सापडत नाही. असं का?

मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस म्हणजे डिस्कवरचा फोल्डर आणि टेबल म्हणजे साधारणपणे त्यातली फाइल. त्यामुळे नावाचा नियम ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल सिस्टिमशी बांधला गेला. लिनक्सवर मिश्र ऑर्डर्स आणि स्मॉल ऑर्डर्स या दोन वेगळ्या फाइली, तशीच दोन वेगळी टेबलं. विंडोजवर ती एकच.

हे वागणं ठरवणारं सेटिंग म्हणजे लोअर_केस_टेबल_नेम्स. त्याच्या तीन किमती (व्हॅल्यू) आहेत. ० म्हणजे नाव लिहिलं तसं साठवायचं आणि काटेकोरपणे जुळवायचं. लिनक्सवर हे मूळचं सेटिंग. १ म्हणजे साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा स्मॉल करायचं. विंडोजवर हे असतं. २ म्हणजे साठवायचं लिहिलं तसं, पण जुळवताना स्मॉल करून जुळवायचं. मॅकवर हे असतं. एकाच टीममध्ये तीन जणांची तीन वेगळी यंत्रं असतील, तर तिघांचे नियमही तीन वेगळे.

मी स्वतः यात पोळलो आहे. विंडोजवर महिनोन् महिने बनवलेलं काम एका रात्री लिनक्स सर्व्हरवर नेलं. डम्प (डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत) विंडोजवरून घेतलेला, म्हणजे त्यातली सगळी टेबलं आपोआप स्मॉल झालेली. कोडमध्ये मात्र काही ठिकाणी मिश्र नावं. लॉगिनचं पान चाललं, मुख्य पान चाललं, आणि पावती छापण्याचं पान ११४६ क्रमांकाचा एरर देऊन बंद पडलं, कारण ती एकच क्वेरी मिश्र नावानं लिहिलेली होती. सगळंच कोसळलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. एखादा कोपराच मोडतो आणि तो नेमका कुणाला तरी गरज लागेपर्यंत दिसत नाही, म्हणून या चुकीची मला आजही धास्ती वाटते. त्या रात्रीनंतर मी विकासासाठीही डेटाबेस लिनक्सच्या कंटेनरमध्येच चालवतो. सर्व्हरवर जे सेटिंग, तेच लॅपटॉपवर.

कॉलमची नावं मात्र मायएसक्यूएलमध्ये कुठल्याही यंत्रावर केस बघत नाहीत. इंडेक्स आणि स्टोअर्ड प्रोसिजरची नावंही नाहीत. ट्रिगरची नावं मात्र टेबलसारखीच सिस्टिमवर अवलंबून असतात. आणि टेबलला क्वेरीत दिलेलं टोपणनावही लिनक्सवर केस बघतं, म्हणजे वर स्मॉल ओ लिहिलं आणि खाली कॅपिटल ओ, तर क्वेरी पडते. शिवाय इथे नावाला बॅकटिक (मायएसक्यूएलचं कोटचं चिन्ह) लावल्यानं केसच्या बाबतीत काहीच बदलत नाही. पोस्टग्रेसवरून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

मग सर्व्हरवर लोअर_केस_टेबल_नेम्स १ करून टाकलं तर?

मायएसक्यूएल ८.० पासून हे इतकं सोपं राहिलेलं नाही. हे सेटिंग फक्त सर्व्हर पहिल्यांदा इनिशलाइझ करतानाच ठरवता येतं. नंतर वेगळी किंमत दिली तर सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणजे बदलायचं असेल तर पूर्ण डम्प घ्यायचा, नवी डेटा डिरेक्टरी नव्या सेटिंगनं तयार करायची आणि डम्प परत भरायचा. त्याआधी एक तपासणी हवीच: फक्त केसमुळे वेगळी असलेली दोन टेबलं आहेत का? असतील तर ती स्मॉल झाल्यावर एकमेकांवर आदळतील.

विंडोजवर किंवा मॅकवर मुद्दाम ० ठेवण्याचा प्रयत्न करू नका. फाइल सिस्टिम केस बघत नसेल तर सर्व्हर एरर देऊन थांबतो, आणि ते योग्यच आहे. अशा जुळवणीत मायआयसॅम या जुन्या साठवण-पद्धतीच्या टेबलांचे इंडेक्स बिघडण्याचा धोका असतो.

माझं मत विचाराल तर सेटिंगच्या मागे लागण्यापेक्षा कोडमधली नावं स्मॉल करून घेणं हे कमी कष्टाचं आणि कायमचं काम आहे.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये काय होतं?

इथे नावं डेटाबेसच्या कोलेशनप्रमाणे जुळतात. कोलेशनच्या नावात सीआय असेल तर केस बघितली जात नाही, सीएस असेल तर बघितली जाते. टेबल, कॉलम, प्रोसिजर सगळ्यांना तोच नियम. चौकोनी कंस किंवा डबल कोट लावल्यानं हा नियम बदलत नाही.

बहुतेक जण सीआयवर काम करतात आणि आयुष्यभर याचा विचारही करावा लागत नाही. खरी परीक्षा होते ती सीएस कोलेशनच्या सर्व्हरवर जाताना. व्हेरिएबलची नावं साधारणपणे संपूर्ण इन्स्टन्सच्या, म्हणजे चालू असलेल्या अख्ख्या सर्व्हरच्या, कोलेशनप्रमाणे जुळतात. त्यामुळे डेटाबेस सीआय आणि इन्स्टन्स सीएस अशी जोडी असेल, तर टेबलं सापडतात पण वर एका केसमध्ये जाहीर केलेलं व्हेरिएबल खाली दुसऱ्या केसमध्ये लिहिलं की ‘मस्ट डिक्लेअर द स्केलर व्हेरिएबल’ असा एरर येतो. शिवाय एसक्यूएल सर्व्हर प्रोसिजर बनवताना त्यातलं टेबल अस्तित्वात आहे का हे बघत नाही. चुकीच्या केसमधलं टेबल असलेली प्रोसिजर बिनतक्रार तयार होते आणि चालवल्यावर पडते. म्हणून सीएसवर नेताना प्रोसिजर नुसत्या तयार करून समाधान मानू नका, प्रत्येक चालवून बघा.

तुर्की कोलेशनचा मुद्दा इथेच सांगतो. तुर्की भाषेत टिंब असलेला आय आणि टिंब नसलेला आय ही दोन वेगळी अक्षरं आहेत. त्यामुळे तुर्की कोलेशनमध्ये, ते सीआय असलं तरी, कॅपिटल आयडी आणि स्मॉल आयडी ही दोन नावं एकमेकांशी जुळत नाहीत. ‘केस बघत नाही’ म्हणजे काय, हेसुद्धा भाषेगणिक बदलतं.

एसक्यूलाइटमध्ये?

केस बघितली जात नाही, कोट लावले तरी नाही. एवढंच की ही सूट फक्त इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपुरती आहे.

एक सापळा मात्र आहे. डबल कोटमधलं नाव कुठल्याच कॉलमशी जुळलं नाही, तर एसक्यूलाइट जुन्या सवयीनं त्याला साधा मजकूर समजतं. म्हणजे कॉलमच्या नावात चूक झाली तर एरर येण्याऐवजी प्रत्येक ओळीत तेच नाव छापून येतं. ३.२९.० या आवृत्तीपासून ही सवय बंद करण्याची सोय आहे. नव्या कामात ती बंदच ठेवा.

मी तर कुठेच कोट लावले नाहीत. मग मिश्र नावं आली कुठून?

बहुतेक वेळा ओआरएमकडून, म्हणजे कोडमधल्या क्लासवरून टेबलं आणि क्वेरी बनवणाऱ्या टूलकडून. एंटिटी फ्रेमवर्क, सीक्वलाइज यांसारखी टूल्स क्लासचं आणि प्रॉपर्टीचं नाव उचलतात आणि कोट लावून डेटाबेसला देतात. कोडमध्ये कॅमल केसची, म्हणजे पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करण्याची, पद्धत असते, ती तशीच पोस्टग्रेसमध्ये उतरते. टूलच्या आतून सगळं सुरळीत चालतं, कारण ते दर वेळी कोट लावतं. हातानं पहिली क्वेरी लिहायची वेळ येते तेव्हा कळतं. पांडाज या पायथनच्या लायब्ररीतून थेट टेबल बनवलं, तर फाइलीतले मिश्र शीर्षकांचे कॉलमही असेच कोटसकट तयार होतात.

उपाय सुरुवातीलाच करायचा असतो. नावं कशी बनवायची हे सांगणारी सोय जवळपास प्रत्येक ओआरएममध्ये आहे. स्प्रिंग बूट तर मुळातच कॅमल केसचं अंडरस्कोर असलेलं स्मॉल नाव करतं. पोस्टग्रेसवर एंटिटी फ्रेमवर्क वापरत असाल तर स्नेक केसची (स्मॉल अक्षरं आणि अंडरस्कोर) सोय पहिल्या मायग्रेशनच्या, म्हणजे टूलनं रचनेत केलेल्या पहिल्या बदलाच्या, आधी जोडा. शंभर टेबलं झाल्यावर जोडणं म्हणजे शंभर नावं बदलणं.

जावात जेडीबीसीच्या (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीच्या) मेटाडेटातून टेबल शोधत असाल, तर तिथे नाव साठवलेल्या रूपात द्यावं लागतं: ऑरॅकलला कॅपिटल, पोस्टग्रेसला स्मॉल. डेटाबेस कोणतं रूप साठवतो हे विचारण्याची सोय त्याच मेटाडेटात आहे. ती वापरली की दोन्हीकडे तोच कोड चालतो.

पोस्टग्रेसमध्ये मिश्र नावांचा जुना डेटाबेस माझ्या पदरात पडला आहे. दुरुस्त कसा करू?

होतो दुरुस्त, आणि पोस्टग्रेसमध्ये हे काम सुरक्षितपणे करता येतं, कारण नाव बदलणं तिथे ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं. काही चुकलं तर रोलबॅक करा, काहीच बदललेलं नसेल.

आधी यादी काढा. पीजी_क्लास या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या यादीत रेलनेम (टेबलचं नाव) आणि त्याचं लोअर केलेलं रूप वेगळं आहे अशा ओळी शोधा; कॉलमसाठी तेच पीजी_अॅट्रिब्यूटमध्ये. मग टक्कर बघा: मिश्र ऑर्डर्स आणि स्मॉल ऑर्डर्स दोन्ही आहेत का? असतील तर आधी माणसांशी बोला, कारण त्यातलं खरं कोणतं हे डेटाबेस सांगू शकत नाही. त्यानंतर फॉरमॅट फंक्शन वापरून नाव बदलण्याच्या आज्ञा तयार करून घ्या. त्यात टक्का-आय लिहिलं की गरज असेल तिथे कोट आपोआप लागतात. शंभर आज्ञा हातानं लिहू नका.

व्ह्यू आणि फॉरेन की (एका टेबलाचा दुसऱ्याशी असलेला जोड) यांची काळजी नको. ती आतून नावावर नाही, क्रमांकावर टेबल ओळखतात. फंक्शनचं तसं नाही. पीएलपीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेतल्या फंक्शनचा मजकूर जसाच्या तसा साठवलेला असतो, त्यात जुनं नाव राहून जातं आणि फंक्शन चालवलं की मोडतं. ही फंक्शनं शोधून बदलणं हाच या कामातला खरा वेळखाऊ भाग.

नाव बदलताना टेबलवर पूर्ण लॉक लागतो. काम क्षणाचं असलं तरी आधीची एखादी लांबलेली क्वेरी संपेपर्यंत ते थांबतं, आणि त्याच्यामागे बाकी सगळे थांबतात. लॉक_टाइमआउट थोडा ठेवा आणि जमलं नाही तर पुन्हा प्रयत्न करा. जुना कोड एका दिवसात बदलणार नसेल, तर जुन्या मिश्र नावाचा व्ह्यू काही आठवडे ठेवा. साधा व्ह्यू असेल तर त्यातून इन्सर्ट आणि अपडेटही चालतात.

माझ्या टेबलात एकच ईमेल दोनदा आला आहे, एकदा कॅपिटलमध्ये आणि एकदा स्मॉलमध्ये. हा नावांचाच प्रश्न आहे का?

नाही, हा माहितीचा प्रश्न आहे. पोस्टग्रेस आणि ऑरॅकल मुळात माहिती काटेकोरपणे ताडतात, मायएसक्यूएल ८.० चं मूळचं कोलेशन केस बघत नाही. पोस्टग्रेसमध्ये लोअर केलेल्या ईमेलवर युनिक इंडेक्स बनवा, दुसरी नोंद दारातच अडेल. साय-टेक्स्ट हा केस न बघणारा मजकुराचा प्रकारही त्यासाठीच आहे.

मग नावं ठेवावीत कशी?

सगळी स्मॉल, शब्दांमध्ये अंडरस्कोर, आणि कोट कुठेच नाहीत. ऑर्डर, युजर, ग्रुप असे भाषेचे राखीव शब्द टाळा, नाहीतर कोट मागच्या दारानं परत येतात. ही पद्धत दिसायला फार देखणी नसेल, पण वर सांगितलेल्या प्रत्येक डेटाबेसवर न अडता चालते.

देवनागरीत नावं ठेवली तर ही सगळी कटकट जाईल का?

केसची जाईल. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हीकडे देवनागरी नावं कोटशिवायही चालतात आणि त्यात कॅपिटल-स्मॉल नसल्यामुळे काही बदलायला उरतच नाही. पण दुसरी कटकट येते. कर्मचाऱ्याचे_नाव असा कॉलम घ्या. त्यातला ‘ऱ्या’ कुणी ऱ आणि हलन्त वापरून टाइप करतं, तर कुणी साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत बाइट वेगळे. पोस्टग्रेस ही दोन वेगळी नावं मानतं आणि कॉलम सापडत नाही म्हणून सांगतं. इथे तर एररचा मजकूर वाचूनही फरक दिसत नाही.

लांबीचंही बघावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. मात्रा आणि हलन्त धरून जेमतेम २१ चिन्हं बसतात. त्यापुढचा भाग पोस्टग्रेस एक नोटीस देऊन कापून टाकतं. कर्मचाऱ्याचे_नाव ऱ वापरून लिहिलं तर ४६ बाइट होतात, म्हणजे बसतं. त्याच्या जागी कर्मचाऱ्याच्या_वडिलांचे_नाव लिहिलंत तर बसणार नाही.